पिवळी शाई कुणी संपवली?

३ जून

प्रिंटर आला! टाकीवाला. चार बाटल्या, चार टाक्या — काळी, निळी, गुलाबी, पिवळी. दहावीच्या क्लासचे पेपर आता घरीच निघतील. शिरूरला झेरॉक्सच्या रांगेत उभं राहायचं संपलं.

शाई ओतली, बटण दाबलं. मशीन दहा मिनिटं आतल्या आत कुरकुरलं आणि टाक्या बोटभर खाली! एक कागदही न छापता. सासरे, म्हणजे आप्पा, सोसायटीचे माजी चेअरमन — म्हणून घरातल्या प्रत्येक गोष्टीचे आजी चेअरमन. म्हणाले, "गळकी टाकी दिलीय तुला. परत दे." पुस्तिका वाचून दाखवली: पहिल्यांदा शाई आतल्या नळ्यांत भरते, पुन्हा असं होत नाही. "पुस्तक त्यांनीच छापलंय ना?" म्हणाले.

७ जून

धाकटे दीर विश्वजीतभाऊजी सरपंच होणार आहेत. निवडणूक लागलेली नाही, आरक्षणाची सोडत निघालेली नाही, पण भाऊजी होऊन बसलेत. पांढरा कडक शर्ट, दोन मोबाइल. आज "वहिनी, वहिनी" करत क्लासच्या खोलीत आले. एवढी गोडी लग्नानंतर पहिल्यांदाच. "एक नमुना काढून बघू." नमुना म्हणजे पानभर भाऊजी — फेटा, जोडलेले हात, मागं उगवता सूर्य. कागद शाईनं ओला होऊन वाकला.

एक नमुना. तीस प्रती.

१४ जून

जेवताना भाऊजी म्हणाले, "वहिनींच्या पेपरांनी शाई संपत आली."

पेपर काळे. संपत आलीय पिवळी! माझी पोरं काय हळदीनं पेपर लिहितात? हे तिथं बोलले नाही. इथं लिहितेय.

आप्पा म्हणाले, "क्लास बंद कर थोडे दिवस. पोरांना शाळा हाय की." मी यांच्याकडं पाहिलं. हे सणसवाडीला कंपनीत सुपरवायझर. तिथं शंभर माणसांवर ओरडतात. घरात वरण ओरपतात.

१५ जून

टाक्यांच्या खिडक्यांवर मार्करनं रेघा मारल्या. कोण किती पानं काढतं ते लिहायचं. बघूच.

१८ जून

सकाळी पेपरांची चाळीस पानं, साधी, काळी. रेघ ज्वारीच्या दाण्याएवढीही हलली नाही.

दुपारी भाऊजींच्या पंचवीस प्रती. पिवळी आणि गुलाबी डोळ्यांदेखत खाली! अक्षरं कागदावर ठिपक्याठिपक्यानं बसतात. भाऊजी मात्र कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत सारवून काढतात. त्यात सेटिंग 'फोटो, उत्तम'. त्या सेटिंगला मशीन काळा रंगसुद्धा बाकीचे तिन्ही मिसळून करतं. म्हणजे भाऊजींच्या मिशीत निळी, गुलाबी, पिवळी, सगळ्याच आहेत. सर्वपक्षीय मिशी!

२१ जून

वाईट झालं. तीन दिवस एक कागद निघाला नाही. भाऊजी दौंडला, क्लासला सुट्टी. तरी चारही टाक्या रेघेच्या खाली. भाऊजी आले ते थेट चुलीपाशी, मोनालीसमोर. मोनाली त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ. "तूच काढत असशील ब्लाउजची डिझाइनं! कुणाला इचारलं होतं?" सगळ्यांसमोर. ती भाकरी थापत राहिली. सासूबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. त्या कधीच बोलत नाहीत.

तिनं नाही काढलं, मला माहीत होतं. पण पुरावा नव्हता म्हणून मीही गप्प. मग यांच्या वरण ओरपण्यात आणि माझ्यात फरक काय?

२३ जून

छडा मोनालीनं लावला! क्लास चालू असताना ती दारात शेंगा सोलत बसते. मला वाटायचं शेंगांसाठी. आज म्हणाली, "ताई, आप्पा बोर्डावरनं बटण बंद करत्यात. लाल दिवा दिसला की. मग घटकाभरानं परत चालू करत्यात, मशीन बिघडलं तर न्हाई बघायला. मी मोजलं. काल चार वेळा. चालू झालं की ते दर वेळी घर्र-घर्र करतं."

बारावीला गणितात ब्याऐंशी होते तिला. आज कळलं. घरात येऊन सहा वर्षं झाली.

२४ जून

शिरूरला रोहनच्या दुकानात गेले. तो प्रिंटर दुरुस्त करतो. म्हणाला, "मॅडम, छापण्यात न्हाई, तोंड धुण्यात चाललीय शाई. बोर्डावरनं लाइट तोडली की मशीनला झाकण लावून झोपता येत न्हाई. उठलं की पयलं तोंड धुतं. शाईनंच. मशीनचंच बटण दाबून बंद करायचं. आन् हेवी क्लीनिंग, म्हंजी नळ्यांची जोरात धुलाई, कोण करतं?"

भाऊजी. फोटोत गालावर रेघ आली की करतात. दोनदोनदा.

"मग झालंच. ते चारी टाक्यांतनं एकदम ओढतं. पिवळी वापरा न वापरा, ती जाणारच." जाते कुठं? मशीनच्या बुडाशी जाड स्पंज असतो, त्यात. म्हणजे भाऊजींचा गाल गुळगुळीत ठेवायला माझी शाई स्पंज पितोय!

निघताना म्हणाला, "आन् नेताना कधी आडवं धरू नका."

२६ जून

घरातच खटला चालवला. रेघा दाखवल्या, पानं दाखवली, बटण दाखवलं.

"म्हंजी चोर मी?" आप्पा.

"चोर कुणी नाही, आप्पा. बोर्डाचं बटण."

"दिवा जळतो तर बिल येत न्हाई व्हय?" म्हणून उठून गेले. तेव्हापासून बोर्डाकडं बघतसुद्धा नाहीत. रुसलेत बोर्डावर.

मी भाऊजींना म्हटलं, "मोनालीला दोन शब्द बोला आता." भाऊजी म्हणाले, "घरात होतं आसं." झालं! एवढीच माफी. मोनाली आतून ऐकत होती.

२ जुलै

भाऊजींना आता मशीनच हवंय, त्यांच्या 'संपर्क कार्यालयात'. कार्यालय म्हणजे एसटी स्टँडसमोरचा भाड्याचा गाळा. संपर्क अजून कुणी केलेला नाही. आप्पा म्हणाले, "ने." एकच अक्षर. मशीन माझं, क्लासच्या फीमधून घेतलेलं! हे म्हणाले, "जाऊ दे ना, नीलम."

अठरा पोरं. उद्या चाचणी, आणि मशीनची वायर भाऊजींनी आजच काढून नेली. पेपर हातानं लिहिले, बोटं दुखतायत. चार प्रती मोनालीनं लिहिल्या. अक्षर माझ्याहून चांगलं.

३ जुलै

सांगितलं होतं, "आडवं नेऊ नका." भाऊजी म्हणाले, "वहिनी, मला शिकवू नका." मोटारसायकलवर मागं आडवं बांधलं, पाठीला टेकवून.

वेशीपर्यंत पाठ पिवळी, मारुतीपर्यंत निळी, चौकात सगळंच. भाऊजींना पत्ता नाही! थांबत थांबत, प्रत्येकाला एका हातानं नमस्कार करत, "रामराम, लक्ष असू द्या" म्हणत चाललेले. लक्ष होतंच सगळ्यांचं. होळी होऊन तीन महिने उलटून गेलेत.

आम्ही दोघी मागून चालत होतो. मी पदर तोंडात कोंबला. मोनाली मात्र मोठ्यानं हसली. तिचं हसणं कधी ऐकलंच नव्हतं मी.

संध्याकाळी मशीन परत. मीच उभं धरून रिक्षातून रोहनकडं नेलं.

१० जुलै

मशीन ठीक, शाई भरली, नव्या रेघा मारल्या. क्लास सुरू. बोर्डावर आता कुणाचा हात नाही. आठवड्याभरात रेघ जागची हलली नाही.

१५ जुलै

शिरूरला सोडत निघाली. आमच्या गावचं सरपंचपद — महिलांसाठी राखीव!

भाऊजी घरी आले आणि हेल्मेट न काढताच बाहेरच्या सोप्यात बसून राहिले. कपाटात त्यांचे चारशे चेहरे पडून आहेत. पोरांना पाठच्या कोऱ्या बाजूला गणितं सोडवायला दिलेत.

१९ जुलै

मार्ग निघाला म्हणे. नवा नमुना आला. कोपऱ्यात तिकिटाएवढी मोनाली, तीही लग्नातल्या फोटोतली कापलेली. बाकी पानभर भाऊजीच. तिला विचारलं का? "तिला काय इचारायचं?"

५ सप्टेंबर

निवडणूक लागली. सोप्यात भावकी जमली. आप्पांनी निकाल दिला, "नाव मोनालीचं, कारभार इश्वजीतचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मोनाली चहाचा ट्रे घेऊन आली, तो खाली ठेवला आणि म्हणाली,

"मी सही करणार न्हाई."

कप कुणी उचलेना.

"मला चोर म्हणला तवा कुणी बोललं न्हाई. आता माझं नाव कसं आठवलं? ज्या बाईला कारभार येतो तिला उभं करा. ताईंना. न्हाईतर मी चालले केडगावला, माहेरी."

भाऊजी माझ्याकडं वळले. "तुमी शिकवलं हे हिला!"

"नाही," मी म्हटलं. खरंच नाही.

आणि मग हे बोलले. यांनी ट्रे बाजूला सरकवला आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुला राहायचंय का उभं?"

सतरा वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी ट्रेमधले कप मोजत राहिले. एरवी या वहीत किती चुरचुरीत बोलते मी! आप्पांना चेअरमन, यांना वरण, भाऊजींना मिशी. तीन महिने सगळ्यांना हसून घेतलं, पण कुणाच्या तोंडावर नाही.

"हो," मी म्हणाले शेवटी. फार बारीक आवाज निघाला.

आप्पा उठून गेले.

८ सप्टेंबर

अर्ज दिला. मोनाली बरोबर होती. हे सुट्टी काढून आले.

आप्पांनी आणि भाऊजींनी माझ्याविरुद्ध सासूबाईंना उभं केलंय. अर्जावर टेकवलेल्या त्यांच्या अंगठ्याला अजून शाई आहे. संध्याकाळी ताटात भाकरी वाढताना त्या वाकल्या, कानाशी आल्या.

"माझं मत तुलाच हाय. बोलू नको कुणाला."