हिरवी कार्डे दारांवरून उतरविण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक साहेब,
लैंगिक आरोग्य जनजागृती कार्यक्रम,
महकमा कार्यालय, कुसुमघाट.

अर्जदार : तरुलता मंडल, वय ४७, सहकारी मार्गदर्शिका, बकुलतला वस्ती, नदीघाटामागे.

विषय : देहविक्रय करणाऱ्या महिलांना समुपदेशनानंतर दिलेली ६३ हिरवी कार्डे कार्तिकातल्या रासपौर्णिमेच्या जत्रेपूर्वी परत घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. २३ सप्टेंबर व ९ ऑक्टोबरचे अर्ज (अनुत्तरित).
२) आपले दि. २१ ऑक्टोबरचे पत्र (हे उत्तर आहे, असे समजून).

महोदय,

१. अर्जदार हिने बकुलतल्यात सोळा वर्षे धंदा केला आणि त्यानंतर अकरा वर्षे तिथल्याच बायकांना स्वतःचे शरीर कसे सांभाळावे हे सांगितले. हे काम ती दुपारी तीनच्या सुमारास मागच्या ओसरीवर करीत असे. त्या वेळी बायका केसांना तेल लावतात, एकमेकींच्या उवा काढतात आणि खरे बोलतात. पिऊन आलेल्या बाबूला, म्हणजे गिऱ्हाइकाला, नकार कसा द्यायचा, जळजळ होत असेल तर लाज सोडून कुणाकडे जायचे, घरमालकिणीला काय सांगायचे, हे सारे त्या ओसरीवर ठरे. त्याची नोंद आपल्या कार्यालयात नाही, कारण ओसरीला हजेरीपट नव्हता.

२. गेल्या जूनमध्ये आपल्या कार्यालयाने समुपदेशक श्रीमती अन्वेषा चाकलादार यांची नेमणूक केली. बाई सुशिक्षित आहेत, मनाने वाईट नाहीत. परंतु सत्राची वेळ सकाळी अकराची ठेवण्यात आली. बकुलतल्यात सकाळचे अकरा म्हणजे मध्यरात्रच. पहिल्या सत्राला चार बायका आल्या. पैकी दोघी झोपल्या आणि तिसरीने कंडोम चढवून दाखवण्याचा लाकडी नमुना पाहून विचारले, "दीदी, हा बिचारा असा ताठ किती वेळ उभा राहतो? आमच्याकडचे तर दार लावेपर्यंत टिकत नाहीत." चाकलादार बाई रडल्या. ही बाब आपल्या अहवालात "सहभागी महिलांनी उत्स्फूर्त शंका विचारल्या" अशी नोंदली आहे.

३. उपस्थिती वाढावी म्हणून चार सत्रे पूर्ण करणाऱ्या महिलेस हिरवे कार्ड देण्याचे ठरले. कार्डावर फोटो, क्रमांक, "आरोग्य समुपदेशन यशस्वीरीत्या पूर्ण" अशी ओळ आणि आपल्या कार्यालयाचा जांभळा गोल शिक्का. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ६३ कार्डे वाटली गेली.

४. आमच्या वस्तीत शिक्का असलेला कागद पेटीत ठेवत नाहीत, हे आपणास कुणी सांगितलेले दिसत नाही. तो काचेत घालून दारावर, कालीमातेच्या तसबिरीशेजारी लावतात. पोलीस आला की तो दाखवतात. त्याप्रमाणे ६३ कार्डे ६३ दारांवर लागली. काहींना झेंडूचे हार चढले.

५. आता बाबू दारात उभा राहून ओळ वाचत नाही. तो शिक्का वाचतो. एकाने अर्जदाराच्या समक्ष ऐकवले, "सरकारनं तपासून पास केलेली बाई आहे ना? मग कंडोम कशाला? माझ्यावर विश्वास नाही की सरकारवर?" दुसऱ्याने कार्ड नसलेल्या खोलीवर जायचेच नाकारले. आणि स्वतः बायकाही कार्डाकडे पाहून म्हणू लागल्या, "तरुदी, चार दिवस बसून शिकलो की गं. आता काय होणार?" महोदय, शिकवणी कंडोम लावण्याची होती. ती पूर्ण केल्याच्या कागदाने कंडोम सुटला.

६. आपले पत्र म्हणते की यास पुरावा नाही. पुरावा बादलीत आहे. वस्तीतील सफाई कामगार फुलमणी रोज पहाटे खोल्यांमागील बादल्या रिकाम्या करते आणि अर्जदार चिमट्याने वापरलेले कंडोम मोजते. कार्यालय किती वाटले ते मोजते, अर्जदार किती वापरले ते. फुलमणीचे मत असे की, "दीदी, अख्ख्या बंगालात एवढं घाण गणित कुणी केलं नसेल." ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बादल्यांत १,१८६ निघाले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ४३७. गिऱ्हाईक घटले म्हणावे, तर गल्लीच्या तोंडाशी गिऱ्हाइकांनी चहा पिऊन टाकलेले मातीचे पेले दोन्ही आठवड्यांत सारखेच फुटले. तेही अर्जदाराने मोजले आहेत.

७. यावर आपण कळविता की बादलीची मोजणी विहित नमुन्यात नाही, सबब संबंधित गिऱ्हाइकांचे नाव-पत्त्यासह लेखी जबाब सादर करावेत. अर्जदाराने आज्ञा मानून अकरा बाबूंना विचारले. नऊ जण पळाले. दहावा म्हणाला, "तरुदी, सही करतो की! पण खाली साक्षीदार म्हणून बायकोची घेऊ का?" अकरावा आपल्याच इमारतीत, तळमजल्यावर काम करतो. त्याने अर्जदारास ओळखलेच नाही.

८. आता ज्यासाठी हा अर्ज आहे ते. कार्ड क्रमांक ४१. नाव लिहीत नाही, कारण समुपदेशनात गुप्तता पाळावी असे आपल्याच पत्रकात छापले आहे. वय बावीस, चौथा महिना. जुलैमधील रक्ततपासणी स्वच्छ होती. १७ ऑक्टोबरच्या तपासणीत सिफिलिस निघाला. इंजेक्शने सुरू आहेत. डॉक्टरांनी सांगितले की उपचार अर्धवट राहिला किंवा पुन्हा लागण झाली, तर पोटातल्या जिवालाही धोका. उपचार पुरा होईपर्यंत तिने कुणाही पुरुषाबरोबर बसू नये. परंतु तिच्या दारावर कार्ड आहे. तिची घरमालकीण क्षेत्रमणी मासी ते उतरवीत नाही. तिचे म्हणणे, "सगळ्या दारांवरची उतरली तर माझीही उतरेल. एकटीची उतरली की गल्ली विचारेल, पोरीला झालंय काय?" मासीची जीभ कडू आहे, पण हिशेब बरोबर आहे. एकटे कार्ड उतरवणे म्हणजे त्या पोरीच्या कपाळावर रोग लिहिणे. आणि जत्रेच्या पाच दिवसांच्या गर्दीत, दारावर कार्ड असताना, मुलगी बसत नाही असे सांगून मासी गिऱ्हाईक परत पाठवणार नाही. म्हणून एका आदेशाने, एकाच दिवशी, सर्व ६३.

९. आपले पत्र पुढे म्हणते की कार्डे परत घेतल्यास लक्ष्यपूर्ती ६३ वरून शून्य दिसेल. दिसू द्यावी. आपल्या खुर्चीमागे "मधुमेह जागृती प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण" असे चौकटीतले प्रमाणपत्र आहे. अर्जदार २१ तारखेला समोर उभी असताना आपण त्याच प्रमाणपत्राखाली संदेश मिठाईचे तीन तुकडे खाल्लेत. कागदाने साखर उतरत नाही, हे समजण्यासाठी आपणास चार सत्रांची गरज नसावी.

१०. एक गोष्ट मागील दोन्ही अर्जांत लिहिली नव्हती. कार्डाची कल्पना चाकलादार बाईंची नाही, आपलीही नाही. जुलैच्या बैठकीत अर्जदारच म्हणाली होती, "आमच्या बायकांना शिक्क्याचं काहीतरी द्या, धावत येतील." सत्तावीस वर्षे त्या गल्लीत काढून, शिक्का कुठे टांगला जाईल हे जिला आधी दिसायला हवे होते, तिलाच दिसले नाही. क्रमांक ४१ ला अकरा वाजता झोपेतून उठवून सत्राला नेणारीही तीच. तेव्हा दोष वाटून घेण्यास अर्जदार तयार आहे. कार्डे उतरविण्याचा अधिकार मात्र तिला नाही, तो आपणाकडे आहे.

११. नुसत्या तोंडी सांगण्याने ही गल्ली ऐकणार नाही. तिला शिक्काच लागतो, ही सवय आपण दोघांनी मिळून लावली. म्हणून कार्डाच्या जागी लावण्याचे पत्रक अर्जदाराने लिहून आणले आहे : "इथली बाई शिकलेली आहे. म्हणूनच ती कंडोमशिवाय बसत नाही." यावर तोच जांभळा गोल शिक्का हवा.

१२. हे शुक्रवार, दि. ८ नोव्हेंबरपर्यंत न झाल्यास ६३ पैकी एकसष्ट बायका कार्डे गळ्यात घालून, आणि अर्जदार रिकाम्या गळ्याने, आपल्या दालनात येऊन बसतील आणि कार्डाचा अर्थ येणाऱ्या-जाणाऱ्यास समजावून सांगतील. क्रमांक ४१ येणार नाही, तिला विश्रांती सांगितली आहे. वेळ सकाळी अकराची. उपस्थितीची काळजी नसावी.

अजून तरी नम्र,
तरुलता मंडल
बकुलतला, कुसुमघाट
दि. १ नोव्हेंबर २०१९

सोबत :
१) कार्ड क्रमांक १ (अर्जदाराचे स्वतःचे, काचेसह; इतरजणी याव्यात म्हणून तिनेही चार सत्रे केली होती).
२) बादलीच्या मोजणीची वही, नक्कल. पाने धुतलेल्या हातांनी लिहिली आहेत.
३) पत्रक, ६३ प्रती. शिक्क्याची जागा कोरी सोडली आहे.