विहिरी समुद्रात

तीर्थरूप आईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

संगणकावर नकाशे करायला शिकतेय, ते आता जमू लागलंय. परवा मात्र गावोगावच्या सगळ्या विहिरी मी भर समुद्रात नेऊन ठेवल्या. अक्षांशाच्या जागी रेखांश भरले होते. नोकरी तेव्हा कच्चीच होती, ती गेलीच असं वाटलं. शिकवणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, "रकान्यांची अदलाबदल कर, येतील घरी." तसं केलं, आणि नकाशातल्या रस्त्यांच्या थरावर एकेक विहीर आपापल्या जागी येऊन बसली. आज बाईंनीच कचेरीत सांगून मला नोकरीत कायम करून घेतलं.

जेवण वेळेवर होतं. थोडा खोकला आहे, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

बाबा म्हणाले होते, महिन्यात परत येशील. त्यांना सांग, येईन, पण सुट्टीला.

तुझीच,
धाकटी