जनीच्या बाळाची नाळ

३ ऑक्टोबर
आले एकदाची! रेवसच्या धक्क्यापासून रिक्षाने दहा मिनिटं. नवं कोरं रुग्णालय, खिडकीतून खाडी, आणि मेसमध्ये पहिल्याच दिवशी बोंबलाचं कालवण. माणगावच्या नर्सला आणखी काय हवं? डॉ. निकेत यांनी काम समजावलं. बाळंतपणानंतर टाकून देतात त्या नाळेतून मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, वाढवायच्या आणि सेप्सिसने, रक्तात जंतुविष भिनून, फुप्फुसं सुजलेल्या रुग्णांना सलाईनमधून द्यायच्या. अजून प्रयोगच आहे म्हणाले. आईची सही घेऊन नाळ आणून देणं माझ्याकडे.

९ ऑक्टोबर
शेजारच्या गावातली जनी बाळंत झाली. मुलगा, चांगला गुटगुटीत. सहीचं काढताच तिच्या सासूबाई, सखुबाई, आडव्या आल्या. "नाल पुरल्याबिगर पोराचा जीव घरान ऱ्हात न्हाय, बाय." बाळामागून पडणारी वार आणि नाळ मडक्यात घालून माडाखाली पुरतात इथे. पहिलीच नाळ हातची जाणार, म्हणून मी शहाणपणा केला. वार मडक्यात घातली, नाळ ठेवून घेतली, वर कापूस कोंबून तोंड फडक्याने बांधून दिलं. जनीची सहीही मीच ठोकली. कोणाचं काय बिघडलं त्यात?

२० नोव्हेंबर
त्या नाळेच्या चार कुप्या तयार झाल्या. सकाळी अकराला पहिली दयारामकाकांना दिली. मिठागरात पाय कापला, विष रक्तात भिनलं, फुप्फुसं भरली; काल आम्ही आशाच सोडली होती. संध्याकाळी काका चहा मागत होते! मी आनंदाने रडले.
सखुबाई बाळाला घेऊन धावत आल्या होत्या. त्याचे ओठ निळे पडलेले. साडेअकराची गोष्ट. तपासलं, काही सापडलं नाही.

२४ नोव्हेंबर
दुसरी कुपी तशाच आजारी केसरबाईंना, दहा वाजता. त्या वाचल्या. साडेदहाला बाळाला धाप लागली.

२७ नोव्हेंबर
तिसरी दिली. बाळाला आता इथेच ठेवलंय. रडणं मांजराच्या पिल्लाएवढं. जनीने विचारलं, ताई, नाळ नीट दिली होती ना? मी हो म्हणाले. माझीच मला किळस आली.

२८ नोव्हेंबर
ठरलं. चौथी कुपी माडाखाली पुरायची. जनीच्या घरची सगळी इथे असताना जाऊन जागा उकरून आले. मडकं फुटलं होतं. खापरीने डावा तळहात कापला. उद्या कुपी नेईन.

३० नोव्हेंबर
ताप. हात कोपरापर्यंत काळानिळा. मला दयारामकाकांचीच खाट दिलीय. डॉक्टरांना सगळं सांगितलं. तापात बरळतेस म्हणाले.

१ डिसेंबर
श्वास पुरत नाही. डॉक्टर चौथी कुपी घेऊन आलेत. बाळ पलीकडच्या खोलीत. रडणं ऐकू येतंय. नको म्हणायचं. नको म्हण, प्रणाली —

त्यांनी विचारलं. मी मान हलवली. होकाराची. मला मरायचं नाही —

अकरा. सलाईन चालू.

श्वास आला. छातीभर. किती दिवसांनी —

रडणं अजून आहे. आहे अजून —

जनी हाक मारतेय. ताई, म्हणतेय, ताई, बघा ना, हा —