ओ निगेटिव्हची नावं

बदनापूर, बुधवार, मार्च २००३

रक्तपेढीतला कॉम्प्युटर मीच सांभाळते. आज तिथून लवकर निघायचं होतं. तेवढ्यात भोकरदनचा एक माणूस आला. बायकोचं बाळंतपण झालेलं, रक्त थांबत नव्हतं. ओ निगेटिव्ह हवं. रक्तदात्यांची नावं शोधायला टाकली आणि कॉम्प्युटर अडकला. खुर्ची दिली तरी तो बसेना. "ताई, जल्दी बघा ना."

रक्तगटाचा इंडेक्स, म्हणजे नावं पटकन सापडावीत म्हणून केलेली सूची, आहे; रक्तदानाच्या तारखेचाही आहे. मग अडलं कुठं? आधी जुनी तारीख, असा क्रम मागितला होता. म्हणून मशीन तारखेप्रमाणे एकेक नाव उघडून गट तपासत बसलं होतं, नेहमीचा गट असा चटकन सापडतो, पण ओ निगेटिव्ह तर विरळाच. क्रम काढला, नावं लगेच आली. दाता मिळाला. बाई शुद्धीवर आली, असा संध्याकाळी फोन आला.

मग गट आणि तारीख मिळून एकच इंडेक्स केला. आता क्रमानेही पटकन येतात. तरी सुटल्यासारखं वाटेना. लॅबमधल्या शेखभाईंना विचारलं, "हे कधीपासून?"

"दिवाळीपासून अडकून राह्यलं. बी पॉझिटिव्ह बराबर येतं, म्हणून कोणी बोललं न्हाई."

दिवाळीपासून. म्हणजे ज्यांना रक्त मिळणंच अवघड, नेमके तेच असे उभे राहिले. "किती जण?" मी विचारलं. शेखभाई टेस्ट ट्यूब धुवायला वळले. मीही कॉम्प्युटर बंद केला.