खोऱ्यातली जागा

प्रिय बाबा,

गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, "तुझे ते पेशंट खरंच बरे होतात का गं?" मी हो-हो करून विषय बदलला. खरं सांगायचं तर मला उत्तर येत नाही. माझ्याकडे येणारी एक बाई आता पुन्हा बस चालवते. एक सुतार तिसऱ्यांदा परत आला आणि दारातूनच म्हणाला, "डॉक्टर, माझी खुर्ची कुणाला दिली नाहीत ना?" मला दोघंही बरी होताना दिसतात. झाली, असं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

हृदयविभाग सोडून मी व्यसनांच्या उपचाराकडे वळले, तेव्हा तू किती चिडला होतास! लाकडाच्या गिरणीत सगळ्यांना सांगून बसला होतास ना, पोरगी हृदयाची डॉक्टर होणार म्हणून. "घरातलं पहिलं माणूस कॉलेजात गेलं, आणि झालं काय, तर दारुड्यांची डॉक्टर!" त्यावर ओडवारकाका म्हणाले, "मग आपल्या गिरणीलाच एक वॉर्ड लागेल," आणि सगळ्यांत मोठ्यानं तूच हसलास.

आमची शाखा स्वतंत्र होऊन फार वर्षं झाली नाहीत. इथे ट्रॉन्डहाइमच्या रुग्णालयात आमच्या पेशंटना मागच्या दारानं, कचऱ्याच्या पिंपांशेजारून यावं लागे. का, तर कुणी पाहू नये. मी आणि माझी सहकारी ओशिल्ड वर्षभर भांडलो. आता आमची खोली हृदयविभागाच्याच मजल्यावर आहे आणि बाहेरची बाकं सगळ्यांना एकच. कोण कशासाठी बसलंय, कुणाला कळत नाही. म्हणजे तुझी पोरगी हृदयाच्या डॉक्टरांशेजारी बसते हो अखेर!

हिवाळ्यात आपल्या खोऱ्यातल्या छोट्या रुग्णालयातही ही शाखा उघडायचं ठरलं. डॉक्टर एकच, आणि ती जागा मला मिळाली. तू अंगणातल्या काठीवर झेंडा चढवलास. रोज संध्याकाळी तुझ्यासोबत जेवायचं, या विचारानं मी कितीतरी दिवस तरंगत होते.

मग ईस्टरला घरी आले. लहानपणी तुझा तो खेळ मला फार आवडायचा. कपाच्या तळाशी नाणं ठेवायचं, ते दिसेनासं होईपर्यंत कॉफी ओतायची, आणि पुन्हा दिसू लागेपर्यंत घरी गाळलेली पांढरी दारू. पाहुण्यांसमोर तू जादूगारासारखा ओतायचास. या वेळी सकाळी टेबलावर कप होता. नाणं नव्हतं, कॉफीही नव्हती. तू तो हळूच पेपरामागे सरकवलास. मी पाव कापत राहिले.

फोनवरचा प्रश्न तू कुणासाठी विचारलास, ते फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. बाबा, मी तुझी डॉक्टर होऊ शकत नाही. नियमात बसत नाही, आणि मुलीसमोर तू ते बोलणारही नाहीस. खोऱ्यात एकच डॉक्टर आणि ती मीच, म्हणजे तुझ्यापुरतं ते दार बंद. ओशिल्ड तोंडाची फटकळ आहे, पण ऐकून घेते. तुझ्याबद्दल मी तिच्याशी अवाक्षरही बोललेले नाही. तू गेलास की नाही, हेही कधी विचारणार नाही. मी रविवारी येत जाईन, नुसती जेवायला. आज सकाळी मी ती जागा सोडली आणि ओशिल्डनं घेतली. घरी परतताना वाटेत मी चक्क गुणगुणत होते.

तुझीच,
इंगुन