वाकड्या चोचीचा टूकन

बेलो होरिझोंते,
जानेवारीतला रविवार

तीर्थस्वरूप झुल्मीरा मावशीस,

जुसाराचा वाकून नमस्कार, आशीर्वाद दे. मी इथे ठीक आहे, म्हणजे पाठ दुखते, डोळे चुरचुरतात आणि जेवणाला वेळ-काळ उरलेला नाही, पण पगार होतो, तेव्हा ठीकच म्हणायचं. तुझा गुडघा कसा आहे? कोंबड्या अंडी घालतात की नुसतेच दाणे खातात? विणकाम चालू आहे का, की सगळं घर झाकून झालं? मिक्सरला झालर, गॅसच्या सिलिंडरला झगा, पाण्याच्या मातीच्या फिल्टरला टोपी. मागच्या खेपेला आले तेव्हा मी एका जागी फार वेळ बसलेच नाही, म्हटलं मलाही विणून टाकशील. नजर अधू झाल्यापासून तुझ्या टोप्यांवरच्या टूकन पक्ष्याची चोच केळ्यासारखी खाली वळायला लागली आहे. तू म्हणतेस टूकन म्हातारा झाला. बरं बाई, टूकन म्हातारा झाला.

डोळ्यांचं मात्र विचारत नाही, ते मला ठाऊक आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि नेमके त्याच आठवड्यात गावच्या इस्पितळाचे संगणक कोणा बदमाशांनी कुलूपबंद केले. तुझा नंबर, तुझ्या डोळ्यांची मापं, सगळं आत अडकलं. तेव्हापासून मिठाचा डबा कुठला आणि साखरेचा कुठला हे तू चाखून ठरवतेस म्हणे. म्हणजे हे पत्रही तुला तुझा लेक गिल्वानच वाचून दाखवत असणार, जेवण झाल्यावर, कॉफी पुढ्यात घेऊन. (गिल्वान, नीट वाच. लहानपणी प्रार्थनेतल्या मधल्या ओळी गिळायचास, तसं इथे करायचं नाही.)

फोन का केला नाही म्हणशील. अगं, लोकांचे फोन कसे फोडतात हेच जिला दिवसभर बघावं लागतं, तिचा फोनवर विश्वास राहायचा कसा? आता मी पोस्टमन सोडून कोणावर भरवसा ठेवत नाही. तू शेजारीपाजारी सांगतेस की जुसारा संगणक दुरुस्त करते. तसं नाही ते. दुसऱ्यांचे संगणक बिघडवणारे कुठे दडून बसतात ते आम्ही हुडकतो. इस्पितळाचं काम आमच्या एविलाझियो साहेबांकडे आलं (चीजचे पाव खातात आणि चुरा माझ्या कीबोर्डवर सांडतात), तेव्हा ते मी भांडून मागून घेतलं. तुझ्या डोळ्यांसाठी घेतलं, उगाच समाजसेवेच्या गप्पा कशाला मारू.

तर ही टोळी स्वतःला ‘खेकडे’ म्हणवते. थकलेल्या वीजबिलाच्या खोट्या ईमेल हजारोंनी सोडायच्या, घाबरून कोणी उघडली की त्याच्या संगणकात शिरायचं, सगळं कुलपात घालायचं आणि किल्लीचे पैसे मागायचे, हा यांचा उद्योग. कोण सापडेल ते यांनाही आधी ठाऊक नसतं. इस्पितळात ती ईमेल नोंदणीच्या बाईंनी उघडली (त्यांना बोल लावू नकोस, त्यांचं बिल खरंच थकलं होतं). हे लोक राहतात डार्क वेबवर, म्हणजे इंटरनेटच्या अशा बोळात जिथे घरांना नंबर नाहीत आणि खांबांना दिवे नाहीत. आम्ही त्या बोळात कितीतरी दिवस भिंती चाचपत फिरलो. आणि सापडलं काय? त्यांचा मुख्य संगणक, ज्यावर त्यांची हत्यारं, चोरीचा माल आणि आपसातल्या गप्पा, त्याचं दार सताड उघडं. एका बहाद्दराला मॅच बघायला मेहुण्याकडे जायचं होतं. तिथूनही काम करता यावं म्हणून त्याने कुलूप काढून ठेवलं आणि संघ हरल्याच्या दुःखात परत लावायचं विसरला. अख्ख्या देशाची कुलुपं फोडणारे लोक, मावशी, आणि स्वतःच्या दाराला साधी कडी नाही.

मला वाटलं आत काहीतरी भयंकर असेल. बघते तर आमच्यासारखंच ऑफिस. एकाची पाठ धरलेली, एकाला कार्निव्हलची रजा हवी, एक रोज विचारतो की आजचा हल्ला उद्यावर ढकलता येईल का, सासू आली आहे. टोळीप्रमुख तर हुबेहूब एविलाझियो, फक्त पावाचा चुरा दिसत नाही. साहेबांनी मला त्यांच्यात घुसायला लावलं. चोरलेले पासवर्ड विकणारी ‘सार्डिन’, असं मासळीचं नाव घेऊन मी आत गेले. (पासवर्ड आम्हीच घरी बनवलेले. कोणाचेही नव्हते, पण दिसायला छान होते.) सांगायला लाज वाटते, पण तिथे माझं इथल्यापेक्षा जास्त कौतुक झालं.

त्यांच्यात एक ‘विंचू’ होता. इस्पितळाला बसलेलं कुलूप याने बनवलेलं आणि किल्लीही याच्याचकडे. कमी बोलणारा आणि त्या अख्ख्या टोळीत ‘कृपया’ म्हणणारा एकटाच. कुठलं इस्पितळ अडकलं ते कळल्यावर हा गप्पांत म्हणाला, ‘एवढं एक सोडून देऊ या का?’ प्रमुखाने त्याला सगळ्यांदेखत झापलं. बाकीच्यांचा माग लागत गेला, याचा मात्र काही केल्या लागेना.

मग आला डिसेंबर. आपल्या ब्राझीलच्या लोकांचं तुला माहीतच आहे. चार डोकी जमली की अमिगो ओकुल्तो व्हायलाच हवा. चिठ्ठ्या टाका, नाव निघेल त्याला गुपचूप भेट द्या. (चर्चच्या अमिगो ओकुल्तोत तुला दरवर्षी साबणच येतात, ते आठवलं.) प्रमुख म्हणाला, आपणही करू, एकोपा वाढेल. आणि जे लोक आपला ठावठिकाणा सात देशांतून फिरवून लपवतात, त्यांनी भेटवस्तूसाठी पोस्टाचे पत्ते पटापट लिहून दिले. पार्सल काही सात देशांतून फिरून येत नाही ना. एकाने सासूचा पत्ता दिला, मला वाटतं मुद्दाम. या तपासावरच्या पोलीसबाईंना मी हे दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एकट्या विंचवाने पत्ता दिला नाही. म्हणाला, मला काही नको, मी फक्त देईन. माझ्या चिठ्ठीत निघाला टोळीप्रमुख. मी त्याला मोजे पाठवले, ऑफिसच्या खर्चाने. साहेबांनी पावती मागितली.

आणि विंचवाच्या चिठ्ठीत निघाले मी. खोट्या नावाने घेतलेल्या माझ्या टपालपेटीत पार्सल आलं. पाठवणाऱ्याचा पत्ता अर्थातच बनावट. एविलाझियो लांब उभे राहून म्हणाले, ‘जपून हं, बॉम्ब असेल.’ उघडलं तर आत फिल्टरवर घालायची विणलेली टोपी. हिरवी. वर टूकन. चोच केळ्यासारखी खाली वळलेली. सोबत चिठ्ठी, ‘गार पाण्यात धुवा, पिळू नका.’ ती चिठ्ठी मी पुन्हा पुन्हा वाचली. साहेब दोनदा काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. गार पाण्यात धुवा, पिळू नका, हे वाक्य मी आयुष्यात एकाच बाईच्या तोंडून ऐकलं आहे. पण देशात टोप्या विणणाऱ्या बायका काय थोड्या आहेत? असेल दुसरी कोणी. (गिल्वान, थांबू नकोस. पाणी पी आणि पुढे वाच.)

असो. पत्र फार लांबलं. गुडघ्याला तेल लाव, कोंबड्यांना माझी आठवण सांग आणि जमलं तर पेरूच्या वड्यांचा डबा पाठव.

तुझीच,
जुसारा

ता. क. हे एवढं गिल्वानसाठी. मनात वाच. मावशीने विचारलं तर सांग, जुसारा वड्यांची कृती विचारते आहे.

गाढवा, सगळ्या जगात तुला भेट द्यायला आईचीच टोपी सुचली? आधी मला इतका राग आला की तू समोर असतास तर ती टोपी तुझ्या तोंडात कोंबली असती. मग रडले. आपण दोघं एका ताटात जेवून वाढलो आणि तू तिचे डोळे कुलपात घातलेस. मुद्दाम नाही घातलेस, तेही मला ठाऊक आहे. ‘सोडून देऊ या का’ म्हणालास, त्या एका वाक्यापायी हे पत्र येतं आहे, नाहीतर दारात गाडीच आली असती. लपूनछपून लिहीत नाही, पोलीसबाईंना विचारून लिहिते आहे. शुक्रवारी अहवाल तुझ्या नावासकट जाईल. त्याआधी किल्ली घेऊन आपल्या पायाने इकडे ये. शिक्षा होईल, खोटा धीर देत नाही. मी बसस्टँडवर उभी असेन. आणि हे पत्र चुलीत घालायचा विचार असेल, तर याचीच एक प्रत शेजारच्या क्रेउझाबाईंना पाठवली आहे, पाकिटावर ‘शुक्रवारी उघडावे’ असं लिहून. म्हणजे त्या मिळाल्याबरोबर उघडतील आणि अंगणात उभ्या राहून वाचतील.

ता. क.चा ता. क. (हे मोठ्याने वाच.) मावशी, ती भेट आलेली टोपी पोलिसांकडे जमा करावी लागणार, माझा फिल्टर बोडकाच राहील. ऑपरेशन झालं की मला दुसरी विणून दे, सरळ चोचीची. ऑपरेशन कधी होईल ते मला विचारू नकोस. गिल्वानला विचार, समोरच बसलाय.