लावू का?

३ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा सगळं बंद! मागे पाण्याचा पंप चालू होता. मी विसरलो आणि मिक्सर लावला. इन्व्हर्टर किंचाळला, बसला. हिच्या हवेच्या गादीची मोटरही त्याच्याबरोबर गेली. धावत जाऊन हिला कुशीवर वळवलं. ती नुसती बघत राहिली.

पूर्वीची असती तर माझी चांगली खरडपट्टी निघाली असती. पावसाळ्यात पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. हात थोडा थोडा हलतोय. शब्द मात्र एकही नाही. तिची बोलणी खायला जीव आसुसलाय. इथे लिहायला कसली लाज!

५ फेब्रुवारी

मुलाचा फोन. "बाबा, ते जुनं धूड किती दिवस चालवणार? आईची गादी बसली तर पाठीला जखमा होतील." सोलरचे पॅनल वाढवू, नवी बॅटरी घेऊ म्हणतो. बरोबरच आहे त्याचं. तरी माझं तोंड वाकडं झालं.

९ फेब्रुवारी

पॅनल पुसायला गच्चीत गेलो. शिडी धरायला खाली कोणी नाही. भिंतीला टेकवून चढलो.

घर बांधलं तेव्हा विजेची वायर रस्त्याच्या वळणापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आजतागायत! "मग उन्हावर चालवू की घर," असं हीच म्हणाली होती. मी हसलो होतो. दोन पॅनल, एक बॅटरी. पहिल्या संध्याकाळी एकच दिवा लावला आणि त्याच्याखाली तिघं जेवलो. मुलगा दिव्याकडे बघत बघत ताटावरच पेंगला.

नियम तिने घातला. पंप किंवा मिक्सर, एका वेळी एकच. लावण्याआधी आवाज द्यायचा. मी ओरडायचो, "लावू का?" घरात असेल तिथून ती, "लावा!" नाहीतर "थांबा!" थांबा म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. पाहुण्यांना गंमत वाटायची. एकदा शेजारच्या काकांनी तिच्या आवाजात "थांबा!" म्हणून मला मिक्सरपाशी ताटकळत ठेवलं होतं. हलकट माणूस!

आमचे अबोलेही जबरदस्त असायचे. चार-चार दिवस. पण तेव्हाही एवढी देवाणघेवाण चालू असे, नाहीतर घर अंधारात जायचं. कितीतरी अबोले त्या "लावा"वरच सुटले.

१४ फेब्रुवारी

वायरमन आला. मी म्हटलं, नव्या बॅटरीला जुनी जोडून ठेवू, तिला कशाला टाकायचं? तो म्हणाला, "काका, जुनीच्या नादाने नवी पण बसेल." तो जुनी बॅटरी उचलून नेत असताना मी उगाच फाटकापर्यंत गेलो. जुने दोन पॅनल मात्र काढू दिले नाहीत. जिन्यातल्या दिव्यापुरते राहू देत.

१६ फेब्रुवारी

झालं काम. गच्चीवर नवे पॅनल नुसते चकाकतायत. मुलगा मुद्दाम आला होता. "आता बिनधास्त सगळं एकदम लावा!" मी मिक्सरपाशी गेलो, तोंड उघडलं. तो हसून म्हणाला, "बाबा, आता कुणाला विचारताय?"

खरंच की.

२० फेब्रुवारी

बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. चित्रं दाखवतात. कप. फूल. मांजर. हिने तोंड फिरवलं. मांजरांचं हिला कधीच कौतुक नव्हतं! जाताना बाईंना दारात विचारलं, येईल ना वाचा? म्हणाल्या, "बघू या काका." या "बघू या"ची मला आताशा धास्ती वाटते.

२३ फेब्रुवारी

पंप, मिक्सर, गादी, सगळं एकदम चालू. कुणाला विचारलं नाही. घर फार गप्प झालंय.

२५ फेब्रुवारी

मिक्सर लावला की ही डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर चमचा आपटते. कालही तेच, आजही तेच. आवाजाचा त्रास होत असणार. दार लोटून घेतलं, तर आणखी जोरात!

२७ फेब्रुवारी

उभ्याउभ्याच लिहितोय, अक्षर कसंही येईल.

हिच्यासाठी भाज्या शिजवून मिक्सरच्या भांड्यात घातल्या. दार उघडंच होतं. मागे पंप घरघरत होता. बटणावर हात ठेवला आणि जुन्या सवयीने तोंडातून गेलं — "लावू का गं?"

आतून, जड, बोबडा, पण हिचाच आवाज —

"थांबा!"

ओट्यावरच लिहितोय. पंप केव्हाच बंद केला. तिने अजून "लावा" म्हटलेलं नाही.

थांबलोय.